डाव्या हाताला किंचित खाली

कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून जाणारा रस्ता हा आमच्या शहरातला बहुधा एकमेव सरळ रस्ता असावा. बाकीचे सगळे कुणाच्या तरी घराला, झाडाला किंवा हट्टाला वळसा घालून जातात. त्या भिंतीशी आलं की माझे खांदे सैल पडतात आणि गाडी आपली आपण चालल्यासारखी चालते. त्या सकाळी मी एका नव्या घराच्या खिडक्यांची मापं घ्यायला निघाले होते. मागच्या सीटवर पडद्यांचे दांडे खुळखुळत होते, शेजारी नमुन्याच्या कापडांची पिशवी होती, रस्ता रिकामा होता आणि माझं लक्ष सहज माझ्या हातांकडे गेलं. डावा हात उजव्यापेक्षा खाली होता. फार नाही, जेवायला बसल्यावर एखाद्यानं डावा कोपर जरा सैल सोडावा तेवढाच. मी हात सारखे केले. गाडी हळूहळू उजवीकडे, मधल्या पांढऱ्या रेघेकडे सरकायला लागली. मी परत डावा हात खाली घेतला आणि गाडी मुकाट सरळ झाली. पुन्हा हात सारखे केले, पुन्हा ती रेघेकडे निघाली. मग मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. स्टिअरिंग बोटभर कललं म्हणून कुणी गाडी थांबवत नाही, हे मला कळतं. पण या गाडीचं अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ लावायचं काम, आदल्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं.

माझ्या नवऱ्याचं हे काम गावभर वाखाणलं जातं, हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मी उलटच सांगितलं असतं. लोक लांबून गाड्या घेऊन येतात, दुसरीकडे दोनदा पैसे घालवून मग त्याच्याकडे येतात, आणि तो गाडीखाली उतरायच्या आधीच समोर उभा राहून, मान जराही न कलवता, "उजवं चाक आत बघतंय," असं म्हणतो. यंत्र नंतर तेच सांगतं. यंत्र त्याच्या धाकट्या भावानं, माझ्या दिरानं आणलं. चारी चाकांना त्याचे पंजे लावायचे, वाकड्या चाकांचे आकडे त्याच्या पडद्यावर लाल दिसतात, खालून चाकांना जोडलेले टाय रॉड फिरवत ते हिरवे करायचे. हिरवे झाले की संपलं, असं बहुतेक ठिकाणी मानतात. आमच्याकडे नाही. नवरा आधी एकेक चाक हातानं हलवून बघतो, सांधा ढिला तर नाही ना. ढिल्या सांध्यावर हिरवा आकडा म्हणजे तापलेल्या माणसाच्या कपाळाला पावडर, असं म्हणतो. आणि सगळ्यात आधी, आकड्यांच्याही आधी, तो ड्रायव्हरच्या जागी बसतो, स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवून मधोमध आणतो, सरळ करतो आणि सीटपासून त्याला लोखंडी टेकू लावून जागच्या जागी बांधून टाकतो. कारण यंत्राला फक्त चाकं कळतात. स्टिअरिंग सरळ आहे की नाही, हे त्याला कोण सांगणार? ते माणसानं ठरवायचं, आणि मग यंत्र त्या माणसावर विश्वास ठेवून चाकं सरळ करतं. माणसानं बांधतानाच ते वाकडं बांधलं, तर चाकं अगदी बरोबर लागतात, आकडे हिरवेगार होतात, आणि गाडी आयुष्यभर स्टिअरिंग कलतं धरल्याशिवाय सरळ जात नाही. हे मला त्यानंच शिकवलं होतं, लग्नाच्या नव्या नवलाईत, जेव्हा तो काहीही बोलला तरी मी ऐकायचे.

वाकडेपणा त्याला सहनच होत नाही. मला बघायला आला तेव्हा आमच्या बैठकीत बसल्या बसल्या त्याचं लक्ष माझ्याकडे कमी आणि कपाटाच्या दाराकडे जास्त होतं. शेवटी उठला, माझ्या आईला म्हणाला, "मावशी, स्क्रू ड्रायव्हर आहे का?" आणि दाराची बिजागरी नीट करून बसला. आई नंतर म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण याच्या घरात तुला सरळ वागावं लागेल. लोकांच्या घरी गेलं की तो भिंतीवरच्या तसबिरी बोटानं ढकलून सरळ करतो, दवाखान्यातल्या वेटिंग रूममधल्यासुद्धा. मी लाजून अर्धी व्हायची. आणि मला गाडी शिकवताना! मी काहीही म्हटलं, ब्रेक घट्ट आहे, आरसा हलतोय, की तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं." मी तिरकी बसते, हे त्याचं माझ्याबद्दलचं कायमचं मत. त्याच्या मते मी जन्मल्यापासून तिरकी बसतेय.

म्हणून भिंतीकडेला थांबून आधी मी स्वतःचीच झडती घेतली. नीट बसले. पाठ टेकवली. खाली उतरून टायरमधली हवा बघितली, रस्त्याचा उतार बघितला. नमुन्यांची पिशवी जड म्हणून ती मागे टाकली, जणू चार वार कापडानं गाडी कलते. आणि हे सगळं करताना मला माहीत होतं की मी वेळ काढतेय. कारण काही आठवड्यांपासून आमच्या घरात एक आरसा होता. म्हणजे आरसा वर्षानुवर्षं तिथेच आहे, बाहेरच्या दारापाशी, पण काही आठवड्यांपासून तो मला रोज कललेला दिसायचा. डावी बाजू खाली. मी येता-जाता तो सरळ करायची. संध्याकाळी परत कललेला. मला वाटलं खिळा ढिला झाला. मग एकदा मी स्वयंपाकघरातून बघितलं: नवरा बाहेर निघाला, आरशासमोर थांबला, भुवया आक्रसल्या, आणि नेहमीसारखं एका बोटानं त्याला ढकलून "सरळ" केलं. डावी बाजू खाली गेली. त्यानं समाधानानं मान हलवली आणि चपला घातल्या. मी हातात उलथनं घेऊन तशीच उभी. मला हसू आलं, खरंच आलं. म्हटलं, म्हातारपण आलं साहेबांना. तो गेल्यावर मी आरसा सरळ केला आणि भाजीकडे वळले. आमचं हे मूक भांडण तेव्हापासून चालूच होतं, आणि मी ते विसरूनही जात होते, जसं माणूस सोयीचं ते विसरतो.

त्या दिवशी नव्या घराच्या खिडक्या मी मापल्या, पण हात आपोआप चालले होते. माझ्या धंद्यात पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळते: जगात एकही खिडकी सरळ नसते. चौकट एका अंगाला झुकलेली असते, जमीन दुसऱ्या. गिऱ्हाईकाला हे सांगून उपयोग नाही, घर त्यानं बांधलेलं असतं. मग पडदा एका बाजूला जरा लांब शिवायचा, दुसरीकडे जरा आखूड, म्हणजे टांगल्यावर सगळं कसं ओळंब्यात दिसतं. बाई खूश होते, म्हणते, बघा, आमच्या खिडक्या किती नीट आहेत. मी म्हणते, हो ना. ही माझी विद्या. नवरा तिला फसवणूक म्हणतो, मी संसार म्हणते. आणि त्या खिडकीत टेप धरून उभी असताना माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की हेही शिवून टाकता येईल. गाडी मला कळतच नाही असं दाखवायचं. डावा हात खाली ठेवून चालवायची सवय करायची. आरसा रोज सरळ करायचा. त्याला कशाला सांगायचं? त्याच्याकडे दुसरं आहे काय? लिहिणं-वाचणं जेमतेम, मित्र दोन, ते पण टायरबद्दलच बोलणारे. हा माणूस "सरळ" या एका गोष्टीवर उभा आहे. ती काढून घेतली तर मी घरी काय घेऊन येऊ? घरातली बाई म्हणाली, "ताई, माप लिहून घेतलं नाहीत." मी दमले असेन, असं तिला वाटलं.

परत येताना मी गॅरेजवर गेले, मुद्दाम नवरा जेवायला घरी येतो त्या वेळी. भाऊजी एकटेच होते. एका डॉक्टरणीची गाडी उभी होती, दाताच्या डॉक्टरणीची, मी तिची गाडी ओळखते कारण आरशाला तिनं लहान दात टांगलाय. भाऊजी तिच्या सीटवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर स्टिअरिंग होतं. म्हणजे अख्खं. गाडीतून काढलेलं. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला काही विचारावंच लागलं नाही. हे मी ऐकून होते, आमच्या घरात हे शिवीसारखं वापरलं जातं: अलाइनमेंट चुकलं की चाकं परत लावायची मेहनत नको म्हणून स्टिअरिंगच उपटायचं आणि आतल्या दांड्यावर एक दाता पुढे सरकवून बसवून टाकायचं. वरून सरळ दिसतं. "स्टिअरिंग उपटे" असं नवरा त्या लोकांना म्हणतो, आणि त्यांच्या हातचा चहा पीत नाही.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "बसा."

"किती दिवस चाललंय?"

"टायर झिजत नाहीत हो. चाकं दादानं बरोबरच लावलेली असतात. फक्त हे." ते मांडीवरच्या स्टिअरिंगकडे बघत बोलत होते. "पहिली गाडी मला गिऱ्हाईकाच्या घरी पोचवताना कळली. म्हटलं, होतं एखाद्या वेळी. मग दुसरी. दादा बांधतो तेव्हा मी शेजारी उभा असतो वहिनी, मला दिसतं. पण दादाला सांगायचं, की दादा, वाकडं बांधलंस? मी? माझ्या हातात पाना त्यानं दिला."

"म्हणून हे?"

"तो जेवायला गेला की करतो. गिऱ्हाईकाला कळायच्या आत. नाव राहतं." मग म्हणाले, "तुमच्या गाडीला मी नव्हतो काल. सासुरवाडीला गेलो होतो."

म्हणून ती तशीच राहिली. मी टायरांच्या थप्पीवर बसले. भाऊजी म्हणाले, "इथंच बसला होता." मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मध्यंतरी एका दुपारी दादा गाडीखालून वर आला, चार पावलं चालला आणि या थप्पीवर बसला. म्हणाला, जमीन कललीय रे. भाऊजी हसले, म्हणाले, दादा, तू कललायस. दोघं हसले. दादा पाणी प्यायला, डोकं जरा दुखतंय म्हणाला, त्यानं उन्हाला दोष दिला, आणि उठून कामाला लागला. घरी सांगू नको म्हणाला, वहिनी उगाच दवाखान्याचं काढेल. "मी हसलो, वहिनी," भाऊजी परत म्हणाले. चाळिशी ओलांडलेला माणूस, मांडीवर दुसऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग घेऊन रडत होता. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीतही मारावीशी वाटली. पण थोबाडीत मला तरी कुठल्या तोंडानं मारता येणार होती? मी रोज आरसा सरळ करत होते. दोघांनी मिळून आम्ही या माणसाच्या आजाराला छान चुण्या घालून पडदा शिवला होता, आणि तो मागे बिचारा एकटा कलत चालला होता.

रात्रभर मी त्याच्याकडे बघत पडले होते असं म्हणणार नाही. मला झोप लागली. झोप मेली कधीही लागते. पण सकाळी जाग आली ती भीतीनंच. भीती स्वच्छ होती, तिला नाव होतं: याच्या डोक्यात काहीतरी झालंय, आणि पुन्हा होईल, आणि त्या वेळी जमीन नुसती कलणार नाही. त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि तो येणार नव्हता. मी म्हटलं असतं, तुमची नजर तिरकी झालीय, तर तो म्हणाला असता, तू तिरकी बसतेस. आणि त्यात त्याची तरी काय चूक? त्याला जे दिसत होतं ते सरळच दिसत होतं. ज्या डोळ्यांनी चूक शोधायची तेच डोळे चुकले होते. माझ्या सांगण्यानं ते भागण्यातलं नव्हतं. त्याचा विश्वास बसेल असं एकच माणूस जगात होतं, आणि ते तो स्वतः. चहा घेताना मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. तो निघाला, आरशाशी थांबला, बोट लावलं. मी तो पुन्हा सरळ केला नाही. आवरलं आणि मागोमाग गाडी घेऊन गॅरेजवर गेले.

"काय गं?" तो म्हणाला. त्याला आवडलं नाही. कामाच्या जागी घरचं माणूस त्याला आवडत नाही.

"गिऱ्हाईक म्हणून आलेय. स्टिअरिंग वाकडं आहे माझं."

तो हसला. "परवाच केलंय मी. नाचता येईना..."

"अहो, पूर्ण करू नका," मी म्हटलं. "परत लावा. माझ्यासमोर."

भाऊजी पलीकडे कुठल्याशा चाकात हवा भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि गाडी रॅम्पवर घेतली. आणि मग त्याचं काम मी बघितलं, पुष्कळ वर्षांनी, नीट. प्रत्येक चाकाला वर-खाली धरून त्यानं हलवलं, कान जवळ नेऊन ऐकलं. पंजे लावताना चाकाच्या कडेवरून बोट फिरवून माती पुसली, कारण मातीवर बसलेला पंजा खोटं बोलतो. कुठे घाई नाही, कुठे दाखवणं नाही. हातांना सगळं येत होतं. हात तर तसेच होते, जसे मी नवीन नवरी म्हणून बघितले होते. मला इतकं वाईट वाटलं की तोंड फिरवून मी भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिले. तो सीटवर बसला, स्टिअरिंग इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, मधोमध आणलं, डोळे बारीक केले. किंचित डावीकडे घेतलं. टेकू लावला.

"झालं. हे बघ, नाकासमोर."

माझ्या पिशवीत पाणसळ असते, वीतभर लांबीची, पडद्याचे दांडे समतल लावताना लागते. मी ती काढली आणि दारातून वाकून स्टिअरिंगच्या दोन्ही आडव्या दांड्यांवर ठेवली. पिवळ्या पाण्यातला बुडबुडा निवांत उजवीकडे गेला आणि टोकाला जाऊन बसला.

त्यानं बघितलं. "बिघडलीय तुझी पाणसळ."

"असेल."

मी एवढंच म्हटलं, कारण पुढचं तो करणारच होता. त्याच्यासारखा माणूस पाणसळीला दोष देऊन थांबू शकत नाही, ती तपासल्याशिवाय. त्यानं ती उचलली, टोकं बदलून उलटी फिरवून पुन्हा ठेवली. पाणसळ बिघडलेली असती तर बुडबुडा आता दुसऱ्या बाजूला जायला हवा होता. तो पुन्हा उजवीकडेच गेला. नवरा उतरला, ती रॅम्पच्या पट्टीवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या पट्टीवर ठेवली. मधोमध. तो परत सीटवर बसला, टेकू काढला, पाणसळ ठेवली आणि स्टिअरिंग अगदी हळू फिरवत गेला, बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत. मग हात काढून घेतले आणि मागे रेलून बघत राहिला. हवेचा पंप बंद झाला होता. भाऊजी उभे होते.

"मला हे वाकडं दिसतंय," नवरा म्हणाला.

तो माझ्याकडे वळला.

"तुला कसं दिसतंय?"

"सरळ," मी म्हटलं.

"ए, इकडे ये. हे कसं आहे?"

भाऊजी आले, वाकले. त्यांना वाकायची गरज नव्हती. "सरळ आहे, दादा."

तो विचार करत होता, आणि मला दिसलं की तो माझ्यासारखा विचार करत नाहीये. त्याला अजून स्वतःची भीती वाटलेली नाही. तो मेकॅनिकसारखा विचार करत होता, एकेक सांधा हलवून बघत. "मग गाड्या परत का नाही आल्या?" त्यानं विचारलं. "मी वाकडं बांधतोय, तर लोकांना कळायला पाहिजे. एक तरी परत यायला पाहिजे." त्यानं भावाकडे बघितलं. भाऊजींनी सांगितलं. उभ्या उभ्या, खाली बघत, सगळं. डॉक्टरणीची गाडीसुद्धा.

मला वाटलं तो ओरडेल. त्याचा आवाज उलट खाली गेला. "स्टिअरिंग उपटलंस."

"दादा, तुझं नाव..."

"त्याच्यात एअरबॅग असते. माणसाच्या छातीसमोर असते. तिची वायर दुखावली, नट कमी आवळला गेला, तर? माझं नाव राखायला तू लोकांच्या छातीशी खेळलास?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुला कधीपासून माहीत?"

"गाडीचं कालपासून," मी म्हटलं. "बाकीचं आधीपासून. मला ते बघायचं नव्हतं."

त्यानं मान हलवली. मला वाटतं, माझ्या बोलण्यातलं त्याला एवढंच पटलं. समोरचं स्टिअरिंग तो बघत होता, आमच्यासाठी सरळ आणि त्याच्यासाठी वाकडं, आणि मला पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं, जे मला कधीच दिसायला नको होतं. तो घाबरला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गॅरेजमध्ये, भावासमोर. त्यानं तो झटकला नाही.

"सगळ्यांना बोलव," शेवटी तो भावाला म्हणाला. "आज. ज्यांची ज्यांची उपटलीस त्यांची स्टिअरिंग जागच्या जागी बसव, नट मापानं आवळ, आणि चाकं नव्यानं लाव. एकही ठेवायची नाही."

"काय सांगू लोकांना?"

"सांग, दादाला सरळ दिसत नाही."

भाऊजींच्या तोंडून हो निघेना. तो म्हणाला, "म्हण. माझ्यासमोर एकदा म्हण, म्हणजे फोनवर जमेल." आणि भाऊजींना ते म्हणावं लागलं, आणि माझ्या नवऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं, जसं तो इंजिनाचा आवाज ऐकतो. नंतर त्यानं टेकू पुन्हा लावला, स्टिअरिंग बुडबुड्याच्या म्हणण्याप्रमाणे बांधलं, स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध, आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. खालून पान्याचा आवाज येत राहिला. पडद्यावरचे आकडे लालाचे हिरवे झाले, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या. वर आल्यावर त्यानं हात धुतले, फार वेळ धुतले, आणि फडक्याला पुसत किल्ली माझ्यापुढे धरली.

काम झालं की गाडी रस्त्यावर फिरवून बघणं हे कायम तोच करतो. आजवर भावालाही दिलं नव्हतं. मी किल्ली घेतली आणि तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला. पट्टा लावताना त्याची जरा धांदल उडाली; त्या बाजूला बसायची त्याला सवय नाही. वळणं संपली, कारखान्याची भिंत सुरू झाली. पुढे-मागे कुणी नव्हतं.

"हात सैल कर," तो म्हणाला.

मी केले. बोटं नुसती टेकवून ठेवली. गाडी चालत होती. तो स्टिअरिंगकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठी होती, आणि त्याचा हात मांडीवरून उचलल्यासारखा झाला, ढकलून नीट करायला, आणि त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मला रडू येत होतं, पण रस्ता दिसायला हवा होता.

"कशी जातेय?"

"सरळ जातेय."

त्यानं डोळे मिटले. डोकं मागे टेकवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि तसाच बसून राहिला. भिंत शेजारून सरकत होती. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"हं," तो म्हणाला. "सरळच जातेय."

मी हुंकार भरला.

"आता दवाखान्याकडे घे."

"आत्ता?"

"आत्ताच," तो डोळे न उघडता म्हणाला. "उघडले की मला परत माझंच खरं वाटेल."